प्रीअँपच्या ट्यूबा बदलून ऐकताना: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी पायऱ्या

ट्यूबचा, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा, प्रीअँप (पॉवर अँपच्या आधी सिग्नल वाढवणारं यंत्र) घरात आला की थोड्याच दिवसांत कोणीतरी सांगतंच, "आतल्या ट्यूबा काढ, जुन्या मुलार्ड टाक, मग बघ." (मुलार्ड म्हणजे ट्यूबांचं जुनं इंग्लिश नाव.) तिथून शोध सुरू होतो. उबदार, रेशमी, मोकळा, कोरडा अशी विशेषणं वाचून डोकं गरगरतं आणि शेवटी माणूस खिशाला चांगलाच चाट लावून बसतो.

ट्यूबने आवाज बदलतच नाही असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. पण ट्यूब बदलल्यावर जे बदल 'ऐकू येतात', त्यांतल्या बऱ्याचशांचं मूळ दुसरीकडे असतं. नवी ट्यूब किंचित मोठ्याने वाजत असते. काढलेली ट्यूब थकलेली असते. किंवा काढ-घाल करून यंत्र तापेपर्यंतच्या वेळात आपण आधीचा आवाज विसरलेले असतो. एवढं बाजूला केलं की मागे उरतो तो फरक खरा. तो छोटा असतो, काही जागांवर स्पष्ट असतो, काही जागांवर नसतोच. तिथपर्यंत कसं पोचायचं ते सांगतो.

उदाहरणादाखल ईसीसी८३, म्हणजे अमेरिकन नावाने १२एएक्स७, धरली आहे. प्रीअँप आणि फोनो स्टेजमध्ये (रेकॉर्ड प्लेअरचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या भागात) नवख्याला सगळ्यात जास्त भेटते ती हीच.

हाताशी काय हवं

- डिजिटल मल्टिमीटर, एसी व्होल्ट मोजणारा. महागडा नको.
- आरसीएची (ऑडिओ यंत्रं एकमेकांना जोडायची नेहमीची) एक जुनी केबल, एक टोक कापून तारा मोकळ्या केलेली.
- २०० ते ४०० हर्ट्झमधल्या सुराची फाइल. ऑडॅसिटी या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये ती मिनिटभरात तयार होते.
- आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या.
- मागे रबर असलेली पेन्सिल, टॉर्च, वही.
- जमल्यास लाइन इनपुट असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे संगणकात आवाज ध्वनिमुद्रित करायचं यंत्र. नसला तरी काम होईल, पण असला तर निम्मे वाद मिटतात.
- प्रीअँपचं माहितीपुस्तक किंवा सर्किटचं चित्र.

१. आत कोणती ट्यूब कुठे आहे ते आधी पाहा

झाकण उघडून फोटो काढा. प्रत्येक सॉकेटशेजारी बोर्डावर व्ही१, व्ही२ असं काहीतरी छापलेलं असतं. माहितीपुस्तकातून कोणती ट्यूब काय काम करते ते शोधा.

हे का महत्त्वाचं? कारण सगळ्या जागा सारख्या नसतात. फोनो स्टेजमधल्या पहिल्या ट्यूबकडे काही मिलिव्होल्टचाच सिग्नल येतो आणि तिच्या पुढे सगळं कित्येक पटींनी मोठं होतं. तिची खरखर, तिची घरघर, तिचा स्वभाव, सगळंच मोठं होऊन बाहेर पडतं. याउलट आउटपुटला कॅथोड फॉलोअर म्हणून बसलेली ट्यूब सिग्नल वाढवतच नाही, तिथला गेन (सिग्नल किती पटींनी वाढतो तो आकडा) एकाहून थोडा कमीच असतो. त्या जागी दुर्मीळ ट्यूब बसवणं म्हणजे पैसे कपाटात ठेवण्यासारखं आहे. ज्या सर्किटमध्ये निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा काही भाग उलटा करून इनपुटला परत देणं) भरपूर आहे तिथेही ट्यूबाट्यूबांतला फरक बराच पुसला जातो.

दुसरी गोष्ट पाहायची ती चॅनेलची वाटणी. ईसीसी८३च्या एका काचेत दोन ट्रायोड, म्हणजे सिग्नल वाढवणारे दोन स्वतंत्र भाग, असतात. काही यंत्रांत डाव्या-उजव्या चॅनेलला स्वतंत्र ट्यूब असते, तर काहींत एकाच ट्यूबचा अर्धा भाग डावीकडे आणि अर्धा उजवीकडे जातो. पहिल्या प्रकारात जोडी घ्यावी लागते. दुसऱ्यात एक पुरते, पण तिचे दोन्ही भाग एकमेकांशी जुळणारे हवेत. विकत घेताना हे स्पष्ट विचारा.

२. कोण कोणाच्या जागी चालतं

सगळ्यात मोठा सापळा इथे आहे. नऊ पिनांचं सॉकेट सारखं दिसतं म्हणून ट्यूब चालेलच असं नाही.

ईसीसी८३, ईसीसी८१ (१२एटी७), ईसीसी८२ (१२एयू७), १२एवाय७ आणि ५७५१ यांच्या पिनांची मांडणी एकच आहे. हीटर (ट्यूब आतून तापवणारी तार) पिन ४ आणि ५ वर, मधला जोड ९ वर. म्हणून यांतली एक काढून दुसरी बसवली तर बहुधा काही जळत नाही. पण 'जळत नाही' आणि 'योग्य चालते' यांत अंतर आहे. यांचा अँप्लिफिकेशन फॅक्टर, म्हणजे सिग्नल वाढवण्याची ताकद, पाहा: ईसीसी८३चा १००, ५७५१चा ७०, ईसीसी८१चा ६०, १२एवाय७चा ४४ आणि ईसीसी८२चा २०च्या आतबाहेर. ईसीसी८३ साधारण एक मिलिअँपिअरवर काम करते. ईसीसी८२ला त्याच्या कित्येक पट करंट आवडतो. १०० किलोओहमच्या प्लेट रेझिस्टरवर (प्लेट म्हणजे ट्यूबचं वाढलेला सिग्नल देणारं टोक) ईसीसी८३ सुमारे ६० पट गेन देते, तिथे ईसीसी८२ जेमतेम १४ पट देईल. हा फरक १२ डेसिबलच्या पुढे जातो. "८२ टाकली आणि आवाज शांत, सौम्य झाला" असं कोणी म्हणालं तर झालेलंच असणार, त्यात ट्यूबच्या गुणांचा शोध कशाला?

५७५१ची गोष्ट याहून गमतीची आहे. ती ईसीसी८३पेक्षा 'स्वच्छ' आणि 'काळ्या पार्श्वभूमीची' म्हणून नावाजलेली. गेन सुमारे ३ डेसिबलने कमी, त्यामुळे त्या ट्यूबची आणि तिच्या आधीची खरखरही तेवढीच खाली येते. आवाजाची मूठ पूर्वीच्याच खुणेवर ठेवून ऐकणाऱ्याला खरोखरच शांतता जाणवते. पातळी जुळवली की कौतुकाचा बराच भाग विरतो. (तरीही मी फोनोच्या पहिल्या जागी ५७५१ वापरतो, कारण माझ्या कार्ट्रिजला, म्हणजे रेकॉर्डवरून सिग्नल उचलणाऱ्या सुईच्या भागाला, तेवढा गेन पुरतो. कौतुक विरलं म्हणून ट्यूब वाईट ठरत नाही.)

आता धोक्याची जोडी. ईसीसी८८ (६डीजे८) आणि तिची दणकट बहीण ६९२२ दिसायला तशाच, नऊ पिनांच्याच. पण त्यांचा ६.३ व्होल्टचा हीटर पिन ४ आणि ५ यांच्यामध्ये आहे आणि ९ वर आतलं शील्ड. ईसीसी८३च्या सॉकेटला ४-५ मध्ये १२.६ व्होल्ट दिलेले असतील तर ईसीसी८८चा हीटर दुप्पट व्होल्टेजवर जाईल. शिवाय तिच्या प्लेटची मर्यादा १३० व्होल्टची, आणि ईसीसी८३ची सर्किटं २०० ते ३०० वर चालतात. रशियन ६एन२पी बाबतही जपा. गेन १००च्या जवळ म्हणून ती '१२एएक्स७चीच' म्हणून विकली जाते, पण तिचाही हीटर ४-५ वर ६.३ व्होल्टचा आहे. ६एन१पी ही ईसीसी८८च्या जागी बसते, मात्र तिच्या हीटरला ६०० मिलिअँपिअर लागतात, ईसीसी८८ला ३६५. ट्रान्सफॉर्मरला तेवढा भार झेपतो का, हे निर्मात्याला विचारल्याशिवाय बसवू नका.

पहिल्या तुलनेसाठी माझा आग्रह: प्रकार बदलू नका. ईसीसी८३च्या जागी ईसीसी८३च, फक्त वेगळ्या कारखान्याची.

३. ट्यूबा कुठून आणि कशा घ्यायच्या

आज नव्याने बनणाऱ्या ट्यूबा मुख्यतः तीन देशांतून येतात. स्लोव्हाकियातल्या चाड्त्सा गावची जेजे, रशियातल्या सारातोव्हचा कारखाना आणि चीन. सारातोव्हच्या एकाच कारखान्यातून सोव्हटेक, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, तुंग-सोल, आणि हो, 'मुलार्ड' अशा नावांच्या ट्यूबा निघतात. म्हणजे खोक्यावर मुलार्ड वाचलंत तरी ती इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्याची जुनी ट्यूब असेलच असं नाही. नव्या मुलार्डमध्ये खोटं काही नाही, नाव रीतसर विकत घेतलेलं आहे. पण जुन्या मुलार्डबद्दलची वर्णनं तिला लागू करू नका. २०२२ मध्ये रशियातून निर्यात अडकली तेव्हा या सगळ्या नावांचा पुरवठा एकदम आटला, तो यामुळेच.

जुन्या ट्यूबांच्या बाबतीत छपाईवर विश्वास ठेवू नका. काचेवरची अक्षरं बोटाने पुसली जातात आणि पुन्हा छापताही येतात. ओळख पटवायची ती काचेत आणि धातूत. टेलिफंकनच्या अस्सल ईसीसी८३च्या बुडाशी, पिनांच्या मधोमध, काचेतच उठवलेली चौकट-चिन्हाची खूण असते. फिलिप्स परिवारातल्या ट्यूबांवर, म्हणजे मुलार्ड, अँपरेक्स, व्हाल्व्हो वगैरेंवर, काचेच्या तळाजवळ बारीक कोरलेल्या दोन ओळी असतात. दुसऱ्या ओळीतलं पहिलं चिन्ह कारखान्याचं: बी म्हणजे ब्लॅकबर्न, त्रिकोण म्हणजे हॉलंडमधलं हेर्लेन. त्यापुढचा अंक वर्षाचा शेवटचा आकडा, मग महिन्याचं अक्षर. हेर्लेनची ट्यूब अँपरेक्सच्या खोक्यात महाग आणि दुसऱ्या कोणाच्या खोक्यात स्वस्त, असं पूर्वी सर्रास होतं आणि थोडंफार आजही होतं. कोड वाचता येणाऱ्याला त्याचा फायदा मिळतो.

आपल्याकडचा एक चांगला मार्ग बंगळूरच्या बीईएलच्या ट्यूबांचा. भारत इलेक्ट्रॉनिक्सने साठच्या दशकापासून रेडिओच्या ट्यूबा बनवल्या. त्या मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या जुन्या दुकानांत किंवा पुण्यात तपकीर गल्लीत नशिबाने हाती लागतात. दुकानदाराला 'ट्यूब' म्हटलं तर तो ट्यूबलाइट दाखवेल, 'व्हॉल्व्ह' म्हणा. मात्र आजोबांचा जुना मर्फी किंवा फिलिप्सचा रेडिओ फोडून ईसीसी८३ मिळेल या आशेवर राहू नका. त्या रेडिओंत ईसीएच८१, ईएफ८९, ईबीसी८१, ईएल८४ अशी मंडळी असतात आणि प्रीअँपला त्यांचा उपयोग नाही. ईसीसी८३ सापडते ती जुन्या लाउडस्पीकरवाल्यांच्या अँप्लिफायरमध्ये आणि स्पूलच्या टेपरेकॉर्डरमध्ये. चालू रेडिओ मोडू नका ही विनंती वेगळीच.

परदेशातून मागवत असाल तर ट्यूबच्या किमतीवर कुरिअर, सीमाशुल्क आणि जीएसटी धरून हिशोब करा. अमेरिकेतून नातेवाईक येणार असतील तर चार ट्यूबा हातातल्या सामानात सहज येतात. पण त्याच नातेवाइकांनी तिकडचा आख्खा प्रीअँप आणला, तर तो ११७ व्होल्टचा असू शकतो. मागची पट्टी वाचल्याशिवाय आपल्या २३०च्या प्लगात घालू नका.

'टेस्टेड' या शब्दावर समाधान मानू नका. कशावर तपासली, दोन्ही भागांचे आकडे किती, मायक्रोफोनिक (धक्क्याने घुमणारी) आहे का, परत घेणार का, हे चार प्रश्न विचारा. उत्तर टाळणाऱ्याकडून घेऊ नका.

४. हात घालण्याआधी

आत ३०० व्होल्टपर्यंत डीसी असतो आणि यंत्र बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये राहतो. ट्यूब बदलायला बोर्डाला हात लावावा लागत नाही, म्हणून लावूही नका. क्रम असा ठेवा: आधी पॉवर अँप बंद, मग प्रीअँप बंद, मग प्रीअँपचा प्लग भिंतीतून बाहेर. दहा मिनिटं थांबा. काच चटका देण्याइतकी तापते, ती निवेल आणि बहुतेक यंत्रांतला साठाही उतरेल. 'बहुतेक' असं म्हणालो, म्हणून एक हात खिशात आणि आत धातूची कोणतीही वस्तू नाही.

ट्यूब सरळ वर ओढायची. फिरवायची नाही. अगदी हलके मागेपुढे केलं तर चालतं, पण जोर दिला तर पिनेपाशी काचेला तडा जातो आणि आत हवा शिरते. तसं झालं की काचेच्या माथ्यावरचा चंदेरी गेटर (उरलीसुरली हवा शोषणारा थर) दुधासारखा पांढरा पडतो. जुनी ट्यूब विकत घेतानाही आधी तेच पाहा: चंदेरी, तपकिरी, काळसर चालेल, पांढरा म्हणजे मेलेली.

नवी बसवताना पिनांमधली मोठी फट सॉकेटच्या फटीशी जुळवा. कोकणात, मुंबईत, आणि पावसाळ्यात पुण्यातही जुन्या पिनांवर मळकट थर चढलेला असतो. अल्कोहोलने पिना पुसा, वाळू द्या, मग बसवा. छापलेली अक्षरं मात्र पुसू नका, पुढे विकताना तीच कामाला येतात. कित्येकदा 'नव्या ट्यूबने आवाज खुलला' यातला खुलण्याचा भाग एवढाच असतो की काढ-घालीत सॉकेटचा संपर्क साफ झाला. म्हणून तुलना सुरू करण्याआधी आधीचीच ट्यूब एकदा काढून, पुसून, परत बसवा आणि मग ती ऐका.

पहिल्यांदा वीज देताना काही जुन्या युरोपियन ट्यूबांचा हीटर क्षणभर लख्ख पेटतो. घाबरू नका, तो त्यांचा स्वभाव आहे.

५. गाणं लावण्याआधी ट्यूबची परीक्षा

तापायला वीस-पंचवीस मिनिटं द्या. नंतर पॉवर अँप सुरू करा, सिग्नल नाही, आवाजाची मूठ नेहमीच्या जागी. आता ऐका.

सतत 'श्श्श' असेल तर ती ट्यूबची नैसर्गिक खरखर. किती आहे ते दोन्ही बाजूंना तुलनेने पाहा. मधूनच 'फट', 'चर्र' येत असेल तर थोडे तास चालवून पाहा, थांबलं नाही तर परत करा. खालच्या सुरातली घरघर ट्यूबा आपसांत बदलून तपासा: ट्यूबबरोबर ती दुसऱ्या चॅनेलला गेली तर दोष ट्यूबचा, जागेवरच राहिली तर यंत्राचा.

मग पेन्सिलच्या रबराने काचेला हलकी टिचकी. स्पीकरमधून बारीक 'टुक' आला तर ठीक. घंटेसारखा नाद घुमत राहिला तर ती ट्यूब मायक्रोफोनिक आहे. फोनोच्या पहिल्या जागी ती नको, पुढच्या जागी चालून जाईल. इथे एक गोष्ट लक्षात असू द्या. मायक्रोफोनिक ट्यूब मोठ्या आवाजात स्पीकरच्या कंपनांनी स्वतः थरथरते आणि संगीतात आपली पुसट शेपटी मिसळते. ही शेपटी कधी कधी 'हवा', 'मोकळेपणा' म्हणून आवडतेही. आवडली तर खुशाल ठेवा, फक्त तिला कारखान्याच्या परंपरेचं श्रेय देऊ नका.

या परीक्षेत पास होणारी साधी नवी ट्यूब ही नापास होणाऱ्या नामांकित जुन्या ट्यूबपेक्षा नेहमीच चांगली. या एका वाक्यावर तुमचे निम्मे पैसे वाचतील.

६. पातळी जुळवा

ही पायरी सगळे गाळतात आणि सगळी भांडणं इथूनच उगवतात. कानाची गंमत अशी की अर्ध्या डेसिबलने मोठा आवाज 'मोठा' असा कळत नाही. तो जास्त स्पष्ट, जास्त भरीव, जास्त जिवंत असा कळतो. एकाच प्रकारच्या दोन ट्यूबांच्या गेनमध्ये एवढा फरक सहज असतो, एक वापरून दमलेली असेल तर त्याहून जास्त.

करायचं असं. पॉवर अँप सुटा करा. प्रीअँपच्या आउटपुटला कापलेली केबल जोडून मल्टिमीटर लावा, एसी व्होल्टवर. २०० ते ४०० हर्ट्झचा सूर वाजवा. याहून उंच सूर नको, कारण स्वस्त मीटर हजार हर्ट्झच्या आसपास आणि वर खोटं बोलायला लागतात. आवाजाची मूठ अशी ठेवा की मीटर १ व्होल्टच्या जवळ येईल. त्या जागी चिकटपट्टीची खूण करा आणि पुढे ती मूठ हलवू नका. डावा-उजवा दोन्ही आकडे वहीत लिहा.

दुसरी ट्यूब बसवा, तेवढाच वेळ तापू द्या, पुन्हा मोजा. आकड्यात १ टक्का फरक म्हणजे सुमारे ०.१ डेसिबल, ६ टक्के म्हणजे अर्धा, १२ टक्के म्हणजे एक डेसिबल. फरक भरून काढायचा तो संगणकावरच्या प्लेअरमधल्या आवाजाने, दशांश डेसिबलच्या पायऱ्यांनी. प्रीअँपची मूठ हलवली तर डाव्या-उजव्याचा तोल बिघडतो, कारण जोडपॉटचे (एकाच मुठीने दोन्ही चॅनेल फिरवणाऱ्या भागाचे) दोन भाग सगळीकडे सारखे चालत नाहीत. एक-दोन टक्क्यांच्या आत आलात की पुरे.

डाव्या-उजव्यात एक डेसिबलहून जास्त तफावत निघाली तर ट्यूबची जोडी जुळणारी नाही. गायिकेचा आवाज मधोमध न येता कुठल्यातरी एका स्पीकरकडे सरकलेला वाटेल. हा दोष 'रंगमंच रुंद झाला' म्हणून स्तुतीत खपलेलाही मी ऐकला आहे.

मोजताना भिंतीतलं व्होल्टेजही लिहून ठेवा, पण ते मीटरने तपासायची सवय आणि धाडस असेल तरच. नाहीतर स्टॅबिलायझरच्या काट्यावर वाचा. दुपारी आणि रात्री त्यात फरक पडत असेल आणि प्रीअँपमध्ये रेग्युलेटेड (व्होल्टेज स्थिर ठेवणारा) सप्लाय नसेल, तर हीटर आणि प्लेट दोन्हीचं व्होल्टेज हलतं. एक ट्यूब दुपारी आणि दुसरी रात्री ऐकू नका.

७. काय वाजवायचं

दाखवण्यासाठीच्या चमकदार रेकॉर्डिंग नकोत. त्यांच्यात सगळंच छान वाटतं.

माझी पहिली पसंती तानपुऱ्याला. सूर स्थिर असतो, लांब चालतो आणि जवारीमुळे त्यात वरच्या स्वरांशांची गर्दी असते. ट्यूब मूळ सुराबरोबर दुसरा स्वरांश किती मिसळते आणि वरच्या टोकाला कुठे घसरते, दोन्ही त्यात ऐकू येतं. शिवाय दहा सेकंदांपूर्वीचा आणि आत्ताचा तुकडा सारखाच असल्याने अदलाबदल करून ऐकायला सोपा. पुरुष गायकाचा काळी एकचा तानपुरा आणि गायिकेचा वरच्या पट्टीतला, दोन्ही ठेवा.

मग तबला. चाटेवरचा 'ना' कडक आहे की बोथट, आणि डग्ग्याचा घुमार लांबतो की जागच्या जागी थांबतो. त्यानंतर एकटा मानवी आवाज, जवळून ध्वनिमुद्रित केलेला. हार्मोनियमही चालेल, पण ती मुळातच इतकी तिखट असते की बऱ्यावाईटाचा निवाडा अवघड जातो.

प्रत्येकातला वीस सेकंदांचा तुकडा निवडा. पूर्ण रागदारी लावून बसलात की अर्ध्या तासाने ट्यूब राहते बाजूला आणि तुम्ही ख्यालात रंगून जाता. तो कार्यक्रम नंतर करा.

८. प्रत्यक्ष तुलना

स्वराच्या पोताची आठवण काही सेकंदच ताजी राहते. ट्यूब बदलायला थंड होणं आणि तापणं मिळून अर्धा तास जातो. म्हणून समोर बसून 'आधी ही, मग ती' असं ऐकणं जवळजवळ निरुपयोगी. दोन उपाय आहेत.

पहिला, डाव्या-उजव्याचा. चॅनेलला स्वतंत्र ट्यूब असलेल्या यंत्रातच जमतो, पण फार सोयीचा. डावीकडे एक ट्यूब, उजवीकडे दुसरी. मोनो फाइल वाजवा, म्हणजे दोघींना तंतोतंत एकच सिग्नल जातो. दोन्ही आउटपुट इंटरफेसमध्ये एकाच वेळी ध्वनिमुद्रित करा. मग ट्यूबा अदलाबदल करून पुन्हा तेच. फरक ट्यूबबरोबर बाजू बदलत असेल तर तो ट्यूबचा. जागीच राहिला तर चॅनेलचा. इतकी निखळ कसोटी दुसरी नाही, आणि ती फुकट आहे.

दुसरा, एकामागून एक ध्वनिमुद्रणाचा. २४ बिट, ४८ किंवा ९६ किलोहर्ट्झ. सगळ्या फाइलींच्या सुरुवातीला तोच एक छोटा 'टिक' आवाज ठेवा म्हणजे ऑडॅसिटीत त्या नेमक्या एकावर एक लावता येतात. इंटरफेसच्या माइक इनपुटला जोडू नका, लाइनला जोडा, आणि त्याचा इनपुट इंपीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) पाहा. तो १० किलोओहम असेल आणि प्रीअँपच्या आउटपुटला ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल, तर ३४ हर्ट्झच्या आसपासपासून खर्ज गळायला लागतो. मग ऐकताना ट्यूबला 'पातळ' म्हणाल आणि दोष असेल जोडणीचा. हेच तुमच्या पॉवर अँपबद्दलही तपासून घ्या.

आता फाइली फूबार२००० या संगणकावरच्या प्लेअरमध्ये घाला आणि त्याचं एबीएक्स जोडसाधन वापरा. ते कोणती ट्यूब वाजतेय हे लपवतं आणि तुम्हाला ओळखायला लावतं. १६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर आले तर निव्वळ नशिबाने तसं होण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या आत आहे, म्हणजे फरक ऐकू येतोय असं मानायला हरकत नाही. ९-१० आले तर नाणं उडवण्याइतकंच. सलग सोळा करू नका, कान थकतात; चार-चार करून मध्ये चहा घ्या.

ध्वनिमुद्रणात एक गोष्ट सुटते. स्पीकर बंद असल्यामुळे वर सांगितलेली मायक्रोफोनिक थरथर त्यात येत नाही. म्हणून एबीएक्समध्ये सारख्या निघालेल्या दोन ट्यूबा खोलीत मोठ्या आवाजात वेगळ्या वाटू शकतात. त्यासाठी घरातल्या कोणालातरी मदतीला घ्या. तुम्ही खोलीबाहेर, त्यांनी ट्यूब बदलायची किंवा बदलल्यासारखं करून तीच ठेवायची आणि चिठ्ठीवर लिहायचं. मात्र चौथी पायरी त्यांना आधी नीट शिकवा.

९. काय अपेक्षा ठेवायची

एकाच प्रकारच्या, चांगल्या स्थितीतल्या, पातळी जुळवलेल्या दोन ट्यूबा लाइन स्टेजमध्ये (फोनो सोडून प्रीअँपच्या बाकीच्या भागात) ओळखणं बहुतेकांना जमत नाही. मला बहुधा जमत नाही. फोनोच्या पहिल्या जागी जमतं, आणि तिथेही ओळख पटते ती बव्हंशी खरखरीच्या जातीवरून.

प्रकार बदलला की गोष्ट वेगळी, आणि तिला कारणही असतं. ईसीसी८३ थेट आउटपुटला असेल तर तिचा आउटपुट इंपीडन्स ४० किलोओहमच्या घरात जातो. तीन मीटरच्या केबलचे सुमारे ३०० पिकोफॅरड मिळाले की १३-१४ किलोहर्ट्झपासूनच वरचं टोक उतरायला लागतं. त्याच जागेसाठी आखलेली ईसीसी८२ हे सहज पेलते. फोनोच्या इनपुटला उलट खेळ: ट्यूबच्या आतलं प्लेट आणि ग्रिड (सिग्नल घेणारं टोक) यांच्यामधलं पावणेदोन पिकोफॅरडच्या आसपासचं कपॅसिटन्स गेनने गुणलं जातं आणि ईसीसी८३पाशी १०० पिकोफॅरड होऊन मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजच्या गळ्यात पडतं. गेन बदलला की तो भार बदलतो आणि कार्ट्रिजचा वरचा उठावही. कमी गेनची ट्यूब टाकल्यावर 'तार षड्ज वेगळा लागतोय' असं वाटलं तर ते खरं असू शकतं, आणि केबल बदलूनही तेच साधता आलं असतं.

१०. वही आणि खोकं

प्रत्येक ट्यूबला पिनेजवळ नव्हे, खोक्यावर क्रमांक द्या. वहीत क्रमांक, कुठून घेतली, दोन्ही चॅनेलचे व्होल्ट, टिचकीचा निकाल, खरखर, एबीएक्सचा आकडा. विशेषणं शेवटच्या रकान्यात, आणि ती आकडे लिहिण्याआधी लिहायची, नाहीतर आकडे पाहून विशेषणं सुचतात.

पैसे कसे वाटायचे ते विचाराल तर: आधी फोनोच्या पहिल्या जागेसाठी शांत म्हणून निवडलेली, दोन्ही भाग जुळलेली नवी ट्यूब. मग तशीच एक जादा, कारण ट्यूब काही हजार तास चालते खरी, पण जाते ती पाहुणे आल्यावर. बीईएलची जोडी स्वस्तात मिळाली तर जरूर घ्या. टेलिफंकन-मुलार्डच्या जुन्या जोड्या सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो आधी कोणाकडून उसन्या आणून या पायऱ्यांतून काढल्यावरच. काढलेल्या चांगल्या ट्यूबा मूळ खोक्यात, सिलिका जेलच्या पुडीसकट, कोरड्या कपाटात ठेवा. यंत्र कधी विकायची वेळ आली तर घेणारा त्याच्याबरोबर आलेल्या ट्यूबा मागतोच.